दुकानात पुस्तके आली, गावात कोण नेणार?

बेळगावच्या बाजारपेठेत मराठी पुस्तकांची जी थोडी दुकाने उरली आहेत, त्यांपैकी एका दुकानात परवा पुण्या-मुंबईहून पुस्तकांचे गठ्ठे आले. आमच्या गावच्या वाचनालयाच्या समितीवर मी आहे. वर्षाची खरेदी करायची म्हणून दोन शनिवार त्या दुकानात घालवले. काय आले आहे, त्यातले सीमाभागातील खेड्यांनी काय घ्यावे आणि काय तूर्त बाजूला ठेवावे, हे सांगण्यासाठी हा लेख. दुकानाचे नाव मुद्दाम देत नाही. जाहिरात केल्यासारखे होईल, आणि पुस्तकांची ज्यांना गोडी आहे त्यांना दुकान ठाऊक आहेच.

आधी दुकानाची बातमी, कारण ती फारशी बरी नाही. "गुरुजी, कादंबऱ्या विकून माझं पोट कधीच भरलं नाही. वह्यांनी कादंबऱ्या पोसल्या," असे मालक म्हणाले. पूर्वी जून महिन्यात पाठ्यपुस्तके, वह्या, कंपासपेट्या यांसाठी रांग लागायची आणि त्या एका महिन्याच्या कमाईवर साहित्याचे कपाट वर्षभर उभे राहायचे. आता इंग्रजी माध्यमाच्या शाळा वह्या-पुस्तकांचा संच शाळेतूनच देतात. पालकाला दुकानाची पायरी चढण्याचे कारण उरलेले नाही. येत्या जूनपर्यंत वाचनालयांची खरेदी वाढली नाही, तर मराठी साहित्याची कपाटे माळ्यावर जातील आणि दर्शनी भागात खेळणी व दप्तरे येतील, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. माळ्यावर गेलेले पुस्तक कोणी मागत नाही, हे आपण सर्वच वाचनालयवाले जाणतो.

त्यात टपालाची भर. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद केले. एखाददुसरे पुस्तक प्रकाशकाकडून स्वस्तात मागवण्याची जी सोय होती ती गेली. कवितेच्या पातळ पुस्तकाला कुरिअरचा खर्च पुस्तकाच्या किमतीच्या जवळ जाऊ लागला. मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू झाले. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे त्याचे आरंभीचे दर होते. पण त्याला अटी आहेत आणि व्यापारी मालाला ते नाही. म्हणून हे गृहस्थ गावोगावच्या मागण्या एकत्र करतात आणि एकच मोठा गठ्ठा मागवतात. सुट्या मागणीला उशीर होतो, एकत्रित मागणी लवकर येते, हे समित्यांनी ध्यानात ठेवावे.

आता पुस्तके.

एकच पुस्तक घेण्यापुरते पैसे असतील तर प्रकाश नारायण संत यांचे 'वनवास' घ्या. मौज प्रकाशनाने ते १९९४ साली काढले. पुढे 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही त्याच मालिकेतील पुस्तके आली. कवयित्री इंदिरा संत यांचे हे चिरंजीव. कराडला भूशास्त्राचे प्राध्यापक होते, २००३ साली गेले. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन नावाचा एक मुलगा आणि त्याचे सीमेवरचे गाव, एवढाच त्या कथांचा ऐवज. २०२४ मध्ये त्यावर 'लंपन' ही मालिका आली, तेव्हापासून पुस्तकाची विचारणा पुन्हा वाढली आहे, असे दुकानात कळले.

मी शिक्षक म्हणून या पुस्तकाचा आग्रह धरतो त्याला कारण आहे. आपल्या खेड्यांतील पोरे जे मराठी बोलतात, त्यात कानडी शब्द असतात, कानडी हेल असतो, वाक्याच्या शेवटी 'की' लागतो. पुण्याहून पाहुणा आला की तो हसतो. वर्गात आम्हीच शिक्षक 'शुद्ध बोल' म्हणून दटावतो. हळूहळू मुलाची अशी समजूत होते की खरे मराठी पुस्तकात आणि दूर कुठे तरी असते, आणि आपल्या घरात जे बोलतात ते काहीतरी मोडके आहे. मग इंग्रजी माध्यम त्याला नको का वाटेल? घरची भाषा मोडकी आणि पुस्तकातली परकी, तर तिसरी शिकलेली काय वाईट! 'वनवास' अशा मुलाच्या हाती पडले की चमत्कार होतो. आठवीतल्या एका मुलीने दोन पाने वाचून मला विचारले, "सर, हे असं छापलं तर चालतंय?" चालते. नुसते चालत नाही, मराठीतल्या उत्तम गद्यात त्याची गणना होते. ती मुलगी पुस्तक घरी घेऊन गेली आणि तिच्या आजीने ते ऐकून परत पाठवले, तेव्हा महिना उलटला होता.

याच मातीतले दुसरे मोठे नाव जी. ए. कुलकर्णी. 'काजळमाया' सर्वांना ठाऊक असते, कारण तिला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला. पण नवख्या वाचकाला एकदम 'काजळमाया' देऊ नये. तो दचकतो आणि पुन्हा जी. एं.कडे फिरकत नाही. त्यांच्या निधनानंतर आलेले 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' आधी द्यावे. इंदिरा संतांचा 'गर्भरेशीम' दुकानात एकच प्रत होता, ती मी उचलली. निपाणीचे महादेव मोरे २०२४ मध्ये गेले. पिठाच्या गिरणीत राबता राबता त्यांनी ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बाया यांच्यावर लिहिले. त्यांची 'झोंबड', 'एकोणिसावी जात' ही पुस्तके मी मागितली, दुकानात नव्हती. मागणी नोंदवून आलो आहे. दहा वाचनालयांनी नोंदवली तर मालकाला प्रकाशकाशी बोलता येईल. आपल्याच जिल्ह्यातला लेखक आपल्याच बाजारात मिळू नये, याचा दोष दरवेळी सरकारला देता येत नाही.

एका कपाटात कानडीतून मराठीत आलेली पुस्तके आहेत आणि त्यावरून आमच्या समितीत वाद झाला. बेळगावच्याच उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा यांच्या 'वंशवृक्ष', 'पर्व' यांसारख्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गिरीश कार्नाडांचे आत्मचरित्रही त्यांनीच 'खेळता खेळता आयुष्य' या नावाने आणले. एका सदस्याचे म्हणणे असे, की आपण एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळतो आणि वाचनालयाच्या पैशातून कानडी लेखक विकत घेतो, हे लोकांना काय दिसेल? त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. १९५६ नंतर या भागाने जे सोसले ते मीही पाहिले आहे. पण आपला झगडा दुकानाच्या पाटीवर आणि सरकारी कागदावर आपली भाषा असावी, यासाठी आहे. शेजाऱ्याच्या भाषेशी नाही. विठ्ठलाला कानडा म्हणणारे ज्ञानेश्वर कोणत्या बाजूचे? शिवाय ही पुस्तके मराठीत आहेत, मराठी वाचणाऱ्यासाठीच आहेत. समितीने शेवटी दोन घ्यायचे ठरवले, 'वंशवृक्ष' आणि उमाताईंचे आत्मकथन 'संवादु अनुवादु'.

सीमाप्रश्नावर तरुणांना द्यायचे तर डॉ. दीपक पवार यांनी संपादित केलेला 'महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद : संघर्ष आणि संकल्प' हा ग्रंथ पाहावा. महाराष्ट्र शासनाने तो २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. महाजन आयोगापासून २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या दाव्यापर्यंत काय घडले, याबद्दल आपली पोरे घोषणांपलीकडे फारसे सांगू शकत नाहीत. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा ठराव याच बेळगावात झाला, हे सर्वांना पाठ असते. तो ठराव करणारे लोक साहित्य संमेलनाला जमले होते, हे मात्र सोयीने विसरले जाते.

मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांचे 'वाचू आनंदे' आहे. बाल आणि कुमार अशा दोन गटांत प्रत्येकी दोन भाग. चारही घ्यावेत, आणि कपाटात कुलूप लावून ठेवू नयेत. आपल्या मराठी शाळांना कर्नाटकची पाठ्यपुस्तके असतात. मराठी साहित्याचा सलग परिचय त्यातून होईलच असे नाही, तो या चार भागांतून होतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून चालू आहे, त्याची वर्गणी भरावी. 'श्यामची आई'चे स्वामित्वहक्क संपल्यामुळे अनेक प्रकाशकांच्या आवृत्त्या मिळतात. स्वस्त म्हणून बारीक टाइपाची घेऊ नका, पोरे ती हातात धरत नाहीत.

आणि काय घेऊ नये? सोनेरी अक्षरांचे, जाड पुठ्ठ्याचे, पाच-सात खंडांचे संच. देणगीदाराला फोटोत ते शोभून दिसतात. आमच्या वाचनालयात असे दोन संच आहेत आणि त्यांची नोंदवही कोरी आहे. त्यातल्या एकाच्या पैशांत चाळीस पुस्तके आली असती.

हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमनी इथे गावोगावची साहित्य संमेलने भरतात. दुकानवाले तिथे पुस्तकांचा गाळा लावणार आहेत. आधी यादी दिलेल्या वाचनालयांच्या पुस्तकांचे गठ्ठे तिथेच मिळतील आणि वाचनालयांना सूटही आहे. यादीवर लेखकाचे आणि प्रकाशनाचे नाव लिहावे, नुसते पुस्तकाचे नाव लिहिले की घोटाळा होतो. शनिवारी दुकान दुपारीही उघडे असते. आमची यादी मी देऊन आलो आहे. 'वनवास'च्या तीन प्रती आहेत, एक वाचनालयाला आणि दोन शाळेला. तिसऱ्या सोनेरी संचाचा प्रस्ताव समितीपुढे आला आहे, त्यावर बैठक अजून व्हायची आहे.