पाळीव श्वानांचे आरोग्य, लेखांक पाचवा : पगचे आखूड मुस्कट
गेल्या खेपेस अल्सेशियनच्या खुब्याच्या सांध्याचा विचार आपण केला. या खेपेस त्याहून आकाराने पुष्कळच लहान, परंतु दुखण्यांच्या बाबतीत मुळीच लहान नसलेल्या पग या जातीकडे वळावयाचे आहे. चीनच्या राजदरबारात लाडावलेले, तेथून हॉलंडात आणि पुढे ऑरेंज घराण्याच्या विल्यम व मेरी यांच्या अमदानीत इंग्लंडात मान्यता पावलेले हे श्वान आपल्याकडे घरोघर ठाऊक झाले ते मात्र २००३ च्या सुमारास, हच कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागोमाग ते चालू लागले तेव्हा. आणि ज्या चपट्या, सुरकुतलेल्या मुद्रेवर लोक भाळले तीच त्याच्या बहुतेक व्याधींचे उगमस्थान आहे, हे सांगण्याचा जाहिरातीत अर्थातच रिवाज नाही.

विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली रंगविलेल्या आत्मचित्रात त्याचा पग शेजारी बसलेला आहे, व त्याचे मुस्कट आजच्या पगहून उघड लांब दिसते. पुढे श्वानप्रदर्शनांचा जमाना सुरू झाल्यावर आखूड तोंडाच्या नरमाद्यांचीच निवड पिढ्यान्‌पिढ्या होत गेली आणि जबड्याची हाडे आखूड झाली. पण जीभ, मृदू तालू आणि नाकातील पडदे त्या प्रमाणात आखडले नाहीत, त्यामुळे थोरल्या उशीला धाकटा अभ्रा चढवावा तशी आतल्या भागांची दाटी झाली. नाकपुड्या चिरेसारख्या अरुंद, आणि लांबलेला तालू श्वासमार्गाच्या तोंडावर लोंबणारा, अशा स्थितीत हवा आत घेण्यास कुत्र्याला अहोरात्र जोर करावा लागतो, आणि त्या ओढीने कालांतराने स्वरयंत्राचे अस्तर आत खेचले जाऊन प्रसंगी स्वरयंत्रच ढासळू लागते. ‘आमचा बंड्या अगदी आजोबांसारखा घोरतो’ असे मालकमंडळी कौतुकाने सांगतात; माझ्या मते पगच्या हालांना हे कौतुकच सर्वांत अधिक जबाबदार आहे, कारण जे लक्षण म्हणून पशुवैद्याच्या कानी जावयाचे ते स्वभाव म्हणून बैठकीत सांगितले जाते. बसल्याबसल्या झोपणारा, किंवा तोंड उघडे राहावे म्हणून खेळणे दातांत धरून निजणारा पग हा विनोदाचा विषय समजू नये.

कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरील व नाकातील ओलावा उडवूनच तो अंग निववितो, आणि पगची हीच वाट अडलेली. साधारण अडतीस ते एकोणचाळीस अंश सेल्सियस असणारे अंगाचे तापमान एक्केचाळीसच्या वर गेले की जिवावर बेतते, आणि विदर्भातल्या वैशाखात त्यासाठी दुपारचा छोटासा फेरफटकाही पुरतो. चरबी वाढली की अडचण दुणावते. जातीच्या मानकाप्रमाणे पगचे वजन सव्वासहा ते आठ किलोच्या आसपास असावे, पण पोळी-बिस्किटांच्या लाडाने ते कोठल्या कोठे जाते.

उरलेल्या तक्रारींचे मूळही बहुतांशी हे आखूड तोंडच. डोळ्यांच्या खोबणी उथळ असल्याने बुबुळांना सहज इजा होते, व्रण पडतात, आणि क्वचित मारामारीत किंवा मानगूट जोराने ओढल्याने डोळा खोबणीबाहेरही येतो. नाकावरील घडीत ओल साचून त्वचा चिघळते. बेचाळीस दात आखूड जबड्यात वेडेवाकडे उगवतात. कण्याच्या मणक्यांतील दोष मात्र आखूड तोंडाच्या खाती घालता येत नाहीत.

अरुंद नाकपुड्या रुंदावण्याची व तालू कमी करण्याची शस्त्रक्रिया आता होते, आणि स्वरयंत्र ढासळण्यापूर्वी केल्यास तिचा गुणही चांगला येतो. मात्र भूल देताना व त्यातून बाहेर येताना या जातीला विशेष देखरेख लागते. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा बांधावा, फिरणे पहाटे किंवा दिवेलागणीनंतर ठेवावे. युरोपात ज्या हॉलंडाने या कुत्र्याला मोठेपण दिले, त्याच देशाने २०१९ साली आखूड मुस्कटाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर मापांचे निर्बंध घातले.

पिलू घेऊ इच्छिणाऱ्यांनी वंशावळीच्या दाखल्यावर न थांबता त्याच्या आईबापांना तीनेक मिनिटे दुडक्या चालीने चालवून त्यांचा श्वास ऐकावा, आणि केंब्रिजच्या पशुवैद्यांप्रमाणे त्या चालीच्या आधी व नंतर श्वासनळी तपासून घेण्यास आपल्या पशुवैद्यासही विनवावे. विकणाऱ्याने टाळाटाळ केल्यास सौदा तेथेच मोडावा.