गवती चहाचें तेल आणि कर्करोग

सिल्लोड तालुक्यांत कापूस, मका व मिरची यांच्या जोडीस सुगंधी गवत लावावें काय, या प्रश्नामागून हल्लीं दुसराहि प्रश्न येतो: या गवताच्या तेलानें कर्करोग बरा होतो, हें खरें काय? पहिल्याचा संबंध पैशाशीं, दुसऱ्याचा प्राणाशीं. म्हणून दुसऱ्याचा विचार आधीं.

ही समजूत अगदींच निराधार नाहीं. इस्राएलांतील बेन गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलें कीं, गवती चहाच्या तेलांतील मुख्य द्रव्य सिट्रल हें रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींवर घातलें असतां त्या पेशी आपणच आपला नाश करून घेतात. लागलेलें प्रमाण १ ग्रॅम गवताच्या पेलाभर चहांतल्याइतकेंच होतें. ही वार्ता पसरतांच तेथील रुग्ण ताजें गवत शोधीत निघाले. आपल्या खानदेशांतील रोशा गवताचें तेल पूर्वीं मुंबईमार्गें तुर्कस्थानास जाई व गुलाबाच्या अत्तरांत मिसळलें जाई. त्यांतील जिरॅनिऑलनेंहि आंतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावते, असें फ्रान्समधील प्रयोगांत २००१ सालीं दिसलें.

परंतु हे प्रयोग काचपात्रांतले. पात्रांत तेल पेशीस थेट भिडतें. प्यालेला चहा आंतडीं व यकृत यांतून जातो आणि वाटेंतच सिट्रलचें बहुतेक विघटन होतें. शिवाय पेशीचें आवरण स्निग्ध असतें व सुगंधी तेल स्निग्धांत विरतें. तें आवरण निरोगी पेशीसहि असतेंच. लव्हेंडरचें तेल केवळ पाव टक्का असतांहि मनुष्याच्या त्वचेच्या निरोगी पेशी मरतात, असें २००४ सालच्या प्रयोगांत आढळलें. म्हणून रोगट पेशी किती मेल्या एवढेंच पाहून भागत नाहीं. त्याच मात्रेंत निरोगी किती वांचल्या, हेंहि पाहावें लागतें.

दारच्या सदाफुलीपासून कर्करोगाचें औषध निघालें, हें खरें. कॅनडांत नोबल व बीअर यांनीं १९५८ सालीं त्यांतून व्हिन्ब्लास्टिन वेगळें केलें. पण तें सुगंधी तेल नव्हे. आणि तेंहि शुद्ध करून, मात्रा मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीं शिरेंतून देतात. पानें चावून तें साधत नाहीं.

अंगावरील गांठ किंवा तोंडांतील न भरणारा व्रण यांवर काढे करून पाहण्यांत जो काळ जातो, तो रुग्णास परत मिळत नाहीं. छत्रपती संभाजीनगरास शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. प्रथम तेथें जावें. गवती चहा आवडत असेल तर खुशाल प्यावा.

तेल विकणाऱ्यानेंहि बाटलीवर या रोगाचें नांव घालूं नये. १९५४ च्या आक्षेपार्ह औषधी जाहिरातींच्या कायद्यान्वयें तो गुन्हा आहे. सिट्रल साबण, अत्तरें व ‘अ’ जीवनसत्त्व यांच्या कारखान्यांस लागतें. माल तेथें दाखवावा, आणि भाव सिट्रलच्या टक्केवारीवर ठरत असल्यानें तेलाची परीक्षा झाल्याखेरीज करार करूं नये.