एकाच वर्षी थांबलेली दोन केंद्रं

2013 च्या फेब्रुवारीत परळीचं औष्णिक वीज केंद्र थांबलं. बिघाड झाला नव्हता, पाणी संपलं होतं. माजलगाव धरण आटलेलं, गोदावरीवरचा खडका बंधारा कोरडा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कोकणात, गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचं दाभोळ वीज केंद्रही थंडावलं. त्याच्या पायाशी तर अख्खा अरबी समुद्र होता! तिथे संपला होता गॅस.

नांदेड-लातूरकडे वीज म्हणजे लाइट, आणि लाइट म्हणजे हरभऱ्याला रात्री पाणी द्यायला मिळणार की नाही हा प्रश्न. ती लाइट परळीची की दाभोळची, हे मोटारीच्या स्टार्टरला कळत नाही. राज्यभरच्या केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. पण ती तयार कशी होते आणि कशाने अडते, हे मराठवाड्याने जाणून घ्यावंच, कारण पाण्याचा आणि विजेचा संबंध इथल्याइतका क्वचितच कुणी सोसला असेल.

परळीत कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरवतात. पाणी खरं खर्च होतं ते वाफ करताना नव्हे, तर काम झालेली वाफ परत थंड करताना. त्या थंड करणाऱ्या पाण्यातलं पुष्कळसं कूलिंग टॉवरमधून हवेत उडून जातं. शिवाय आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राख. ती वाहून न्यायलाही पाणीच लागतं.

गॅसच्या केंद्राची रीत वेगळी. दाभोळची क्षमता आहे सुमारे 1967 मेगावॅट आणि त्या केंद्राचे तीन भाग आहेत. प्रत्येक भागात दोन गॅस टर्बाइन आणि एक वाफेचं टर्बाइन. गॅस टर्बाइन हे विमानाच्या जेट इंजिनाच्या घराण्यातलं यंत्र. पुढच्या बाजूने ते हवा ओढतं, पात्यांच्या रांगांमधून ती दाबत नेतं आणि दाबलेल्या हवेत गॅस पेटवतं. अशा मोठ्या यंत्रात आतलं तापमान 1300 अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. एवढ्या धगीत धातूची पाती टिकतात, कारण ती आतून पोकळ असतात. त्या पोकळीतून तुलनेने गार हवा सतत खेळवलेली असते आणि बारीक छिद्रांतून बाहेर येऊन ती पात्यावर पातळ पदर धरते. माणसाने घडवलेल्या वस्तूंमध्ये या पात्याइतकं कष्टाळू काही शोधून सापडायचं नाही. मिनिटाला 3000 फेरे, दिवसरात्र.

टर्बाइनमधून बाहेर पडणारा धूरही सहाशे अंशांच्या घरात असतो. तो तसाच आकाशात सोडला, तर निम्म्याहून जास्त ऊर्जा वाया. म्हणून तो बॉयलरमध्ये नेतात. तिथे वेगळा जाळ नाही, नुसत्या त्या धुराच्या उष्णतेवर वाफ होते आणि तिसरं टर्बाइन फिरतं. एकाच इंधनातून दोनदा वीज! त्यामुळे अशी केंद्रं इंधनातली निम्म्याच्या वर ऊर्जा विजेत उतरवतात. कोळशाची जुनी केंद्रं पस्तीस-छत्तीस टक्क्यांपाशी अडकतात. वाफेवर चालतो तो फक्त एक तृतीयांश भाग, म्हणून थंडाव्याचं पाणी कमी लागतं. राख तर नाहीच. किनाऱ्यावर असलं की थंडाव्याला समुद्र हाताशी असतो आणि जहाजाने आलेला गॅसही. उणे 162 अंशांपर्यंत गार केला की गॅसचा द्रव होतो आणि सहाशे पटींनी आक्रसतो. म्हणून तर तो जहाजात भरता येतो.

एवढं सगळं असून दाभोळचं नाव निघालं की लोकांना आठवते ती ते उभारणारी अमेरिकी कंपनी एन्रॉन. 1993 च्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाशी वीजखरेदीचा करार झाला, 1995 मध्ये युती सरकारने तो रद्द केला, पुन्हा वाटाघाटी झाल्या. अंजनवेल, वेलदूर, रानवीच्या लोकांनी आंदोलनं केली, लाठ्या खाल्ल्या. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तो गॅसवर नव्हे, महागड्या नाफ्त्यावर. वीज घेतली नाही तरी ठरलेला आकार भरायचा, अशी करारातली अट. 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि वर्षअखेर अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. यंत्रं मात्र चांगली होती. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी उभी केली आणि पुढच्या वर्षी केंद्र पुन्हा फिरू लागलं.

नंतर त्याला गॅस मिळाला तो कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला, काकिनाड्यासमोरच्या खोल समुद्रातला. नांदेडच्या घाटावरून जाणारी गोदावरी आणि तिची शेजारीण कृष्णा यांनी लाखो वर्षं वाहून नेलेल्या गाळाच्या थरांत तो साठलेला. तिथलं उत्पादन अंदाजापेक्षा फार लवकर घसरलं आणि 2013 संपता संपता दाभोळ थांबलं. म्हणजे खडक्याला गोदावरीचं पाणी सरलं त्याच वर्षी तिच्या मुखापुढच्या समुद्रातला गॅसही पुरेना झाला. 2015 च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी दाभोळचा साधारण 500 मेगावॅटचा भाग परत सुरू झाला. त्याच वर्षी परळी पुन्हा पाण्याअभावी बंद होती आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली.

उरणचं केंद्र या मानाने भाग्यवान. 1982 पासून ते मुंबई हायच्या गॅसवर चालत आलं आहे. त्याची क्षमता 672 मेगावॅट, पण पुरेसा गॅस नसल्याने तेही पुष्कळदा कमी भारावर चालतं.

बाहेरून आणलेला गॅस महाग पडतो. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा त्याचे भाव जगभर भडकले. तरीही ही केंद्रं मोडीत काढावीत असं म्हणवत नाही. मराठवाड्यात आता सौर कृषी वाहिन्यांमुळे दिवसा मोटार चालण्याची सोय होत आहे. संध्याकाळी साडेसहा-सातला सूर्य जातो आणि नेमके तेव्हाच घरोघर दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. थंड पडलेल्या कोळशाच्या केंद्राला उठायला कित्येक तास लागतात. गॅस टर्बाइन अर्ध्या-पाऊण तासात भार घेऊ शकतं.

नळीत गॅस असेल तर.