नव्या गाडीचा पहिला रंग

विम्याचे आणि नोंदणीचे कागद सह्यांसाठी पुढे येत असतानाच नवी मोटार घेणाऱ्या कुटुंबासमोर आणखी एक कागद ठेवला जातो, आणि त्यावर गाडीच्या रंगाचे रक्षण करणारे लेप व फिल्म यांचे दर मांडलेले असतात. गाडीच्या किमतीतून चार-दोन हजार कमी व्हावेत म्हणून तासभर घासाघीस केलेली माणसेही या कागदावर फारसा विचार न करता सही करून मोकळी होतात, कारण समोर उभ्या असलेल्या त्या तेजस्वी वस्तूचे रूप आहे तसेच राहावे अशी इच्छा त्या क्षणी मनात प्रबळ झालेली असते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या मध्यमवर्गीय घरात राहत्या जागेखालोखाल मोठी खरेदी बहुधा मोटारीचीच असल्यामुळे या इच्छेविषयी मला आदरच वाटतो. परंतु रंगाला नेमके भय कोणाचे आहे याचा विचार केल्यावाचून घेतलेले संरक्षण बहुतेक वेळा चुकीच्या शत्रूविरुद्ध घेतलेले असते, आणि मुंबईच्या उपनगरांत हा शत्रू सामान्यतः सांगितला जातो त्याहून निराळा आहे.

प्रथम रंग म्हणजे काय ते पाहू. कारखान्यात पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया झाल्यावर गाडीचा सबंध सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक प्रायमर चढवतात. त्यावर दुसरा प्रायमर, त्यावर आपल्या डोळ्यांना दिसणारा रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट या नावाने ओळखला जाणारा वर्णहीन, पारदर्शक थर. या सर्वांची एकत्रित जाडी साधारणपणे १०० ते १३० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या अष्टमांशाच्या आसपास असते, आणि ज्याला आपण झळाळी म्हणतो तिचा आधार असलेला क्लिअर कोट त्यांपैकी अवघे ४० ते ५० मायक्रॉन व्यापतो. कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडत असे त्या काळातील साध्या रंगांवर असा वेगळा पारदर्शक थर नसे, आणि म्हणून पॉलिश करणाराच्या फडक्यावर गाडीचाच रंग उतरलेला दिसे. आज फडके पांढरेच राहते, म्हणून काही झिजत नाही असा समज होतो. वस्तुतः गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश केल्यावर ओरखडे नाहीसे होतात ते त्यांच्याभोवतीचा क्लिअर कोट घासून खाली आणल्यामुळेच, आणि ही क्रिया एका गाडीच्या आयुष्यात मोजक्याच वेळा करता येते.

या पहिल्या रंगाचे मोल आणखी एका कारणासाठी मोठे आहे. कारखान्यातील प्रायमर १६० अंश सेल्सियसहून अधिक आणि वरचे थर १४० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत भट्टीत भाजलेले असतात, कारण त्या वेळी सांगाड्यात वायरी, रबर, आसने असे काहीच बसवलेले नसते. अपघातानंतर दार किंवा बॉनेट पुन्हा रंगवायचे झाल्यास पूर्ण बांधलेली गाडी इतकी तापवणे शक्य नसते. म्हणून वर्कशॉपमध्ये हार्डनर मिसळलेला निराळा रंग वापरून तो ६० अंशांच्या आसपास वाळवतात. उत्तम कारागिराच्या हातचे असे काम सुबक होते यात शंका नाही, पण ते मूळच्या रंगाची पुनरावृत्ती नव्हे, आणि जुनी गाडी विकत घेणारा जाणता इसम जाडी मोजण्याचे यंत्र पत्र्याला लावून हा फरक क्षणात ओळखतो. रंग वाचवण्याचा खटाटोप करावा की न करावा, या प्रश्नाला माझ्या मते खरा आधार हाच आहे.

आता उपनगरातील गाडीचे वास्तविक जीवन कसे असते? पहाटे सहा-साडेसहाला सोसायटीच्या आवारात गाड्या पुसणारा येतो. महिन्याला काही शे रुपयांच्या मोबदल्यात रोज वीस-पंचवीस गाड्या त्याला उरकायच्या असतात, पाण्याची मुभा एका बादलीपुरती असते, आणि फडकेही बहुधा एकच असते. रात्रभर गाडीवर बसलेली धूळ ही नुसती माती नसते. लालबहादूर शास्त्री मार्गावर चालू असलेले वडाळा-कासारवडवली मेट्रोचे बांधकाम, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे काम, आणि जवळजवळ प्रत्येक गल्लीत पुनर्विकासासाठी पाडली जाणारी एखादी जुनी इमारत, यांमुळे तिच्यात सिमेंट, वाळू आणि दगडाची भुकटी मिसळलेली असते. अशा धुळीवरून कोरडे किंवा अर्धवट ओले फडके गोल गोल फिरले की प्रत्येक कण क्लिअर कोटवर बारीक रेघ उमटवतो, आणि हे वर्षातील बहुतेक सर्व दिवस होत राहिल्यावर काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर उन्हात जे कोळ्याच्या जाळ्यासारखे वर्तुळाकार ओरखडे दिसतात, ते निर्माण होतात. रंगावर सर्वांत अधिक अत्याचार करणारी गोष्ट ही नित्याची पुसापुशी आहे, ऊन नव्हे आणि समुद्रही नव्हे. यात त्या पुसणाऱ्या माणसाचा दोष काढणे अन्यायाचे होईल; त्याला दिलेली साधने आणि दिलेला वेळ यांत याहून वेगळे काही घडूच शकत नाही.

दुसरे भय वरून येते. कावळे आणि कबुतरे यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असते, आणि मे महिन्यात तापलेल्या बॉनेटवर ती वाळून आकसू लागली की खालच्या क्लिअर कोटवर कायमचा व्रण उठू शकतो. पर्जन्यवृक्षावरील पिठ्या ढेकणांचा चिकट स्राव आणि पावसाच्या तोंडावर टपटपणारी जांभळे हेही त्याच जातीचे त्रास. तिसरे भय पाण्याचे आहे: उन्हाळ्यात बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याने गाडी धुतली की त्यातील कॅल्शियमचे क्षार थेंबाथेंबाने वाळून पांढरे डाग सोडतात. रस्त्यावरचे भय सर्वांच्या परिचयाचे आहे; पहिल्या पावसातच पश्चिम द्रुतगती महामार्गावर सुटी झालेली खडी, आणि दोन गाड्यांमधल्या वीतभर जागेतून वाट काढणारी स्कूटर. वर्सोव्याच्या किंवा गोराईच्या खाऱ्या हवेची भीती मात्र रंगाच्या संदर्भात अवास्तव वाटते, कारण अभंग रंगाखालच्या पत्र्यापर्यंत मीठ पोहोचत नाही. गंज धरतो तो तळाला, दारांच्या खालच्या सांध्यांत आणि खड्यांनी टवके उडालेल्या जागी, म्हणून गंजाची चिंता असणाऱ्याने प्रथम गाडीच्या तळाकडे लक्ष पुरवावे.

या भयांपुढे बाजारातील उपाय ठेवून पाहिले की त्यांची योग्यता आपोआप स्पष्ट होते. टेफ्लॉन कोटिंग या नावाने जे अजूनही विकले जाते त्याबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला १९३८ साली गवसलेले टेफ्लॉन ३२७ अंश सेल्सियसला वितळते, आणि तव्यावर ते पक्के बसते ते तशाच प्रखर उष्णतेत. गाडीच्या रंगाला इतकी उष्णता देणे म्हणजे तो जाळणे होय. तेव्हा दालनात दोन तासांत केला जाणारा हा लेप म्हणजे एक चांगले पॉलिश समजावे, आणि त्याचा टिकाव काही महिन्यांचा धरावा.

सिरॅमिक कोटिंगचे तसे नाही. त्यामागे खरे रसायनशास्त्र आहे. सिलिका-मूलक द्रव क्लिअर कोटला घट्ट धरतो आणि कठीण, काचेसारखा थर तयार करतो, त्यावर घाण कमी चिकटते, पाणी थेंबांच्या रूपाने ओघळून जाते, आणि पक्ष्यांची विष्ठा पुसायला काही तासांची सवलत मिळते. परंतु या थराची जाडी एक-दोन मायक्रॉनांच्या घरातली असते, ही गोष्ट ग्राहकाला क्वचितच सांगितली जाते. जाहिरातीत झळकणारा ९एच हा आकडा पेन्सिलींच्या कसोटीचा आहे: निरनिराळ्या कठीणपणाच्या पेन्सिली नमुन्यावर ओढून कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उमटत नाही, एवढेच त्यात पाहतात. महामार्गावर ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्याला किंवा सिमेंटच्या कणांनी भरलेल्या फडक्याला त्या पेन्सिलीशी काही कर्तव्य नसते. शिवाय ज्या सोसायटीत जड पाणी येते तेथे थेंब गोल होऊन उभे राहण्याचा गुण उलट अडचणीचा ठरतो, कारण उन्हात तसेच वाळलेले थेंब अधिक ठसठशीत डाग सोडतात. या लेपासाठी आज साधारणपणे १५ ते ४० हजार रुपये मोजावे लागतात, आणि गाडी स्वतःच्या हाताने, निगुतीने धुणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग निश्चित होतो. रोज कोरडे फडके फिरणाऱ्या गाडीवर तो लेप म्हणजे पैशांचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खडा, ओरखडा आणि स्कूटरचा घसटा यांना प्रत्यक्ष अडवणारी वस्तू एकच, आणि ती म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, व्यवहारातील नाव पीपीएफ. तिचा उगम लष्करी आहे: व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पंख्यांची पाती वाळूच्या माऱ्याने झिजू लागली, तेव्हा त्यांच्या कडांवर लावण्यासाठी थ्रीएम कंपनीची पॉलियुरेथेनची पट्टी उपयोगात आली, आणि पुढे तोच विचार शर्यतीच्या आणि मग घरगुती मोटारींपर्यंत आला. चांगल्या फिल्मची जाडी १५० ते २०० मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सबंध रंगाहून अधिक असते, आणि तिच्या वरच्या थरावरील बारीक रेघा उन्हाच्या किंवा गरम पाण्याच्या उष्णतेने भरून येतात. खोल जखम अर्थातच भरत नाही. येथे एक खातरजमा अवश्य करावी. फिल्म थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची, म्हणजे टीपीयूची आहे, की पीव्हीसीच्या कुळातील, हे लेखी विचारावे, कारण पीव्हीसीची स्वस्त फिल्म आपल्या उन्हात लवकर पिवळी पडते, कडक होते आणि काढताना तुकड्यातुकड्यांनी निघते.

मध्यम आकाराच्या गाडीला संपूर्ण टीपीयू फिल्म चढवण्याचा खर्च आज एक ते दोन लाखांच्या दरम्यान जातो, आणि एक दार किंवा बॉनेट पुन्हा रंगवायला सामान्य गाडीसाठी अधिकृत वर्कशॉप चार ते आठ हजारांच्या आसपास घेते. म्हणजे केवळ रुपयांच्या हिशेबाने संपूर्ण फिल्म स्वतःची किंमत भरून काढत नाही. या हिशेबात विमा धरणारांनी त्याचे नियमही पाहावेत. रूढ पद्धतीप्रमाणे रंगकामाच्या एकत्रित बिलातील २५ टक्के भाग साहित्याचा धरून त्याच्या निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी कापली जाते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये सक्तीने स्वतःच्या खिशातून द्यावे लागतात, आणि दावा केला की पाच निर्दोष वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेला नो क्लेम बोनस जातो. झिरो डेप्रिसिएशनची जोड घेतल्यास घसारा वाचतो, बाकीचे दोन्ही भार राहतातच. म्हणून एका ओरखड्यासाठी कोणी शहाणा माणूस दावा दाखल करत नाही, आणि तो खर्च घरचाच समजावा लागतो.

माझा सल्ला मग असा आहे. सात-आठ वर्षे वापरायच्या सर्वसाधारण गाडीला पुढचा बंपर, बॉनेट, आरसे, दारांच्या कडा आणि हँडलमागची खोबण एवढ्याच भागांवर उत्तम फिल्म लावावी, कारण खडे आणि नखे यांचा मारा तेथेच होतो. बाकीच्या गाडीसाठी पैसा खर्च करायचा तर तो पुसण्याच्या व्यवस्थेवर करावा. गाड्या पुसणाऱ्याला महिन्याला दोनशे रुपये अधिक द्यावेत, चार मायक्रोफायबर फडकी आणि दुसरी बादली द्यावी, रोज पुसण्याऐवजी आठवड्यातून दोनदा भरपूर पाण्याने धुण्याची तजवीज करावी, आणि सोसायटीच्या सभेत यासाठी एखादा नळ मागून घ्यावा. संपूर्ण फिल्मची शिफारस मी अशांनाच करीन की ज्यांची गाडी गडद रंगाची आणि मौल्यवान आहे, ती उघड्यावर, बांधकामाशेजारी किंवा झाडाखाली उभी राहते, आणि तिचा मूळ रंग दहा वर्षे राखावा ही ज्यांची मनापासूनची इच्छा आहे.

लेप किंवा फिल्म घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही असे कोणी सुचवल्यास, एका वस्तूसाठी दुसरी वस्तू वा सेवा घेण्याची अट घालणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते, हे शांतपणे निदर्शनास आणून द्यावे. रंगीत फिल्मचा मोह होत असेल तर गाडीचा रंग नोंदणीपत्रकात नमूद असतो, आणि त्यात बदल करायचा तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ अन्वये परिवहन कार्यालयाकडे जाणे आले. पारदर्शक फिल्मला हा व्याप नाही.

काम करून घेण्यापूर्वी गाडी दालनात पॉलिश करू नये असे लेखी कळवावे आणि धूळमुक्त, बंदिस्त जागेत, शक्यतो नोंदणी होताच, फिल्म लावून घ्यावी. हमीपत्रावर फिल्मचे नाव आणि रोलचा क्रमांक उतरवून घेतल्यावाचून पैसे चुकते करू नयेत. वर्कशॉपमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागावर फिल्म लावणे टाळलेले बरे, कारण तिची मुदत संपल्यावर ती काढताना भट्टीत भाजलेला मूळ रंग जागचा हलत नाही, पण नंतर दिलेला रंग कधी कधी फिल्मबरोबरच सुटून येतो. काढण्याचे काम वाफेच्या किंवा गरम हवेच्या साहाय्याने, फिल्म पत्र्याजवळच दुमडून हळूहळू ओढत करायचे असते, आणि हमीची मुदत उलटल्यावर ते फार लांबवू नये, कारण जुना झालेला गोंद पत्र्यावरच राहतो आणि तो उतरवायला स्वतंत्र मजुरी पडते.