घर सजवण्यापूर्वी

आमची चाळ पाडून नवी इमारत झाली आणि आम्हांला तीन खोल्यांची जागा मिळाली. बाबांनी एका सजावटकाराला बोलावले. त्यांनी आणलेल्या पुस्तकातला प्रत्येक दिवाणखाना सुंदर होता. पण तेथे कोण राहते, हे मात्र कळत नव्हते. आजीने एवढेच विचारले, "माझी पेटी कुठं ठेवणार?"

ही सागवानी पेटी म्हणजे आजीची बैठक. आत गोधड्या, वर आजी. दाराजवळ बसून ती भाजी निवडी आणि गॅलरीतून जाणाऱ्या प्रत्येकाची विचारपूस करी. पुस्तकातल्या चित्रांत तिला जागा नव्हती. पेटी विकावी असेच घरात ठरत आले होते.

त्याच सुमारास विल्यम मॉरिस या इंग्रज कलावंताविषयी माझ्या वाचनात आले. १८६० साली तो लंडनजवळच्या बेक्सलीहीथ येथे 'रेड हाउस' या लाल विटांच्या घरात राहायला गेला. घर फिलिप वेब या वास्तुशिल्पी मित्राने बांधले होते. बाजारातले सामान मॉरिसच्या मनास येईना. तेव्हा मित्रमंडळींनीच भिंती रंगवल्या, पडदे भरले, लाकूडकाम केले. या उद्योगातूनच १८६१ साली त्यांची सजावटीची पेढी निघाली.

मला सर्वांत आवडली ती एका बाकाची हकीकत. मॉरिसच्या जुन्या बिऱ्हाडात एक अवाढव्य, कपाटवजा बाक होते. ते त्याने टाकून दिले नाही. नव्या दिवाणखान्यात ते बसवले आणि वेबने त्याच्यावर छोटासा सज्जा व चढायला शिडी जोडली. जुनी वस्तू नव्या घराचाच भाग झाली.

यातून मला जे उमगले ते असे. आधी माणसे पाहावीत, मग भिंती. कोण कोठे बसते, उजेड कोणत्या खिडकीतून येतो, हे पाहून मग फूटपट्टी हाती घ्यावी. दुसरे, वस्तू उपयोगी तरी असावी किंवा मनापासून सुंदर तरी वाटावी. केवळ पाहुण्यांसाठी नसावी. तिसरे, सामान खरे असावे. सागवान, पितळ, शहाबादी फरशी वापराने खुलतात. लाकडाचा आव आणणारा कागद मात्र सोलला की उघडा पडतो.

अर्थात मॉरिसच्या पेढीचा हातमाल महाग होता. तो सामान्य कामगाराला परवडत नसे, ही गोष्ट पुढे समाजवादी झालेल्या मॉरिसलाही सलत असे. तो स्वतःही त्या घरात पाचच वर्षे राहू शकला. पण जुनी वस्तू राखण्याला पेढी लागत नाही, सुतार पुरतो.

मी हे सारे बाबांना सांगितले. खोट्या छताचा बेत रद्द झाला. सुताराने पेटीला चार पाय लावले, पाठ टेकायला फळी जोडली आणि ती खिडकीखाली बसवली. सजावटकारही पाहून म्हणाले, "आता हे घर तुमचं दिसतं."

आजी तेथेच भाजी निवडते. मधूनच दाराकडे पाहते. दार बंद असते. पेटीला जागा मिळाली. गॅलरी मात्र कोणत्याही सुताराला करून देता आली नाही. म्हणून हल्ली संध्याकाळी मीच दार उघडे ठेवतो.