क्वेरी म्हणजे काय? अर्थ, वापर आणि हा शब्द आला कुठून

गेल्या वर्षी बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा मेडिक्लेम भरला होता. चार दिवसांनी मेसेज आला, 'युअर क्लेम हॅज बीन क्वेरीड'. मला वाटलं, त्यांची आतल्या आत काही चौकशी चालू असेल. बारा दिवस गप्प बसलो. शेवटी फोन केला तर उत्तर मिळालं, "सर, आम्हीच तुमची वाट बघतोय." लेन्सचं स्टिकर जोडायचं राहिलं होतं आणि मुदतीला तीनच दिवस उरले होते!

तर क्वेरी करणे म्हणजे नेमकं काय? आस्क म्हणजे साधं विचारणं. क्वेरी करणे म्हणजे काहीतरी खटकलं म्हणून खुलासा मागणं. हॉटेलात 'ही आस्क्ड फॉर द बिल' म्हणजे त्याने बिल मागितलं. 'ही क्वेरीड द बिल' म्हणजे बिल बघून "हे दोनशे कसले लावले?" असं विचारलं. नकार नाही, होकारही नाही, पण उत्तर द्यायची पाळी समोरच्याची. क्वेश्चन हे क्रियापद माणसाच्या चौकशीलाही चालतं, जसं पोलीस संशयिताला प्रश्न विचारतात. क्वेरी मात्र बहुतेक वेळा आकड्याची, विधानाची किंवा निर्णयाची केली जाते.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. 'क्वाएरेरे' म्हणजे शोधणे, विचारणे. त्याचं आज्ञार्थी रूप 'क्वाएरे', म्हणजे "विचार!" शंका आली की समासात हा शब्द लिहायची पद्धत होती. त्याचंच पुढे इंग्रजीत क्वेरी झालं. क्वेश्चन, इन्क्वायरी, रिक्वेस्ट ही सगळी त्याच घरातली भावंडं.

कॉम्प्युटरमध्ये मात्र शंकेचा भाग गळून पडला आणि 'शोधणे' तेवढं उरलं. १९७४ मध्ये आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी डेटाबेसला माहिती विचारण्यासाठी 'सीक्वेल' नावाची भाषा मांडली. ते नाव दुसऱ्या कंपनीचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून पुढे ते एसक्यूएल झालं. यातला क्यू म्हणजे क्वेरीच. तुम्ही पीएनआर टाकून तिकीट कन्फर्म आहे का बघता, तेव्हा मागे अशीच क्वेरी चालते. तिथे कोणी तुमच्यावर संशय घेत नाही.

क्लेम, कर्ज, पासपोर्ट अशा कामात मात्र पहिला अर्थ धरा. रिमार्क उघडून काय कमी आहे आणि मुदत कधीपर्यंत आहे, ते त्याच दिवशी बघा. आमचं स्टिकर बाबांच्या औषधांच्या पिशवीतच सापडलं.