निवडुंगाचें बाळपण

सिद्धेश्वर धरणाच्या कांठीं उभें राहिलें, म्हणजे एकीकडे पूर्णा नदीचें साठविलेलें पाणी आणि दुसरीकडे मुरमाड माळ असा विरोध डोळ्यांत भरतो. हिंगोली जिल्ह्यांतील या भागांत वैशाखांत पारा चाळीस अंशांपुढें जातो. तरी बांधावरचा फड्या निवडुंग हिरवाच असतो. त्यावरून निवडुंगास पाणी नको, असा समज रूढ झाला आहे. वाढलेल्या झाडापुरता तो बराचसा खरा आहे; परंतु त्याच समजुतीनें बीं पेरणाऱ्याची कुंडी बहुधा रिकामी राहते. निवडुंगाचें बाळपण कोरडें नसतें; तें ओलाव्यांत आणि सावलींत जातें.

खरे निवडुंग जवळजवळ सर्व मूळचे अमेरिका खंडांतले. फड्याही तिकडूनच आला. इकडील कुंपणाचा तीनधारी निवडुंग चीक असलेला, एरंडाच्या कुळांतला आहे. अमेरिकेंतील सोनोरा वाळवंटांत सग्वारो नांवाचा निवडुंग चाळीस फूट वाढतो. त्याचें बीं मात्र टाचणीच्या डोक्याएवढें. उन्हाळी पावसांत तें रुजतें आणि बहुधा एखाद्या झाडाझुडपाच्या सावलींतच तगतें. अशा झाडास वनस्पतिशास्त्रज्ञ ‘दाई’ म्हणतात. घरीं बीं रुजविणाऱ्यानें हीच दाई व्हावयाचें असतें.

बीं घरचें हवें असल्यास एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुष्कळ जातींत झाडाचा पराग त्याच झाडास लागू पडत नाहीं. बियांपासून वाढलेलीं दोन निराळीं झाडें एकाच वेळीं फुललीं, म्हणजे मऊ कुंचल्यानें पराग इकडून तिकडे न्यावा. पिकलेलें फळ पाण्यांत कुस्करून गर धुऊन टाकावा, कारण गरावर बुरशी धरते. मग बीं सावलींत वाळवावें.

मराठवाड्याची काळी माती कापसास उत्तम, पण या बियांस घातक. ती पाणी धरून फुगते आणि वाळतांना भेगाळते. त्यांत कोवळीं मुळें तुटतात. चाळलेला बारीक मुरूम किंवा धुतलेली जाड वाळू दोन भाग आणि जुनें पानखत एक भाग घेऊन मिश्रण वाफेवर तापवावें व निवूं द्यावें.

पाऊस ओसरल्यावर, आश्विनांत, पेरणी करावी. म्हणजे कडक उन्हाळ्यापूर्वीं रोपांस पांच-सहा महिने मिळतात. बीं मातीवर नुसतें पसरावें, पुरूं नये. बहुतेक जातींस रुजावयास उजेड लागतो. कुंडी बुडाकडून भिजूं द्यावी, वर कांच ठेवावी आणि ती उजेडांत पण उन्हाबाहेर ठेवावी. पुष्कळ जाती एक ते तीन आठवड्यांत उगवतात. फड्याचें कठीण कवचाचें बीं मात्र महिनोन्‌महिने वाट पाहावयास लावतें. गोल जातींचा अंकुर हिरव्या मण्यासारखा दिसतो. फड्याच्या रोपास दोन स्पष्ट दलें फुटतात आणि निवडुंगही भोपळ्यासारखाच द्विदल आहे, हें डोळ्यांना पटतें. कोरफडीच्या वर्गांतील रसाळ वनस्पतींचें बीं ताजें असतांनाच पेरावें.

खरा धोका यापुढें असतो. कांच एकदम काढली तर रोपें सुकतात. मुळींच न काढली तर बुडाशीं कुजून आडवीं होतात. म्हणून महिन्यानंतर ती दररोज थोडी थोडी सरकवावी आणि दोन पाण्यांमधील अंतर हळूहळू वाढवावें. रोप लालसर झालें तर ऊन अधिक होत आहे. फिकट व लांबट झालें तर कमी पडत आहे. वर्षभरानें रोपें निराळ्या कुंड्यांत लावावीं.

फांदी खोवून झाड लवकर मिळतें, मग हा खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न निघेल. गोल निवडुंगांतील पुष्कळ जातींस फांद्याच फुटत नाहींत; म्हणून व्यापारासाठीं तीं झाडें रानांतून उपटलीं जातात. १९७५ सालीं अंमलांत आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानें जवळजवळ सर्व निवडुंगांच्या व्यापारावर निर्बंध घातले, ते याच कारणानें. महाराष्ट्राचीही अशी एक ठेव आहे. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांचें नांव डाल्झेल यांनीं जिला दिलें, ती शिंदळ माकुडी ही रसाळ वनस्पती महाराष्ट्राबाहेर रानांत कोठेंही आढळत नाहीं. तिचें बीं रुईच्या म्हातारीप्रमाणें वाऱ्यावर तरंगत जाऊन कड्याच्या फटींत रुजतें. अशी वनस्पती कड्यावरून काढून आणणें म्हणजे तिची पुढची पिढीच खुडणें होय.

मॅमिलेरियाच्या कांहीं जाती घरच्या कुंडींत तीन-चार वर्षांत फुलतात. सग्वारोस पहिलें फूल येण्यास सुमारें तीन तपें लागतात. तीन तपांचें झाड उपटावयास घटकाभरही पुरे होते, हें ज्यानें मण्याएवढें रोप स्वतः सांभाळलें आहे, त्यास निराळें सांगावें लागत नाहीं.